मावशी, ही तर जेली आहे

पहिल्यांदा घरी गमी, म्हणजे चघळायच्या चिवट गोळ्या, केल्या तेव्हा सगळं अगदी सोपं वाटलं होतं. दोन वाट्या संत्र्याचा रस, थोडी साखर, जिलेटिनची एक पुडी. रस गरम केला, जिलेटिन विरघळवलं, अस्वलांच्या आकाराच्या सिलिकॉनच्या साच्यात ओतलं आणि साचा फ्रिजमध्ये सरकवला. दोन तासांनी पन्नासेक नारिंगी अस्वलं टपाटप बाहेर आली. चकचकीत, आरपार दिसणारी, पोटावरची रेघसुद्धा नीट उमटलेली. मी फोटो काढले, चार जणांना पाठवले आणि मगच भाचीला हाक मारली.

तिने एक तोंडात टाकलं. चावायला सुरुवात करायच्या आतच ते संपलं. दुसरं दोन बोटांत धरून दाबलं, तर ते फुटलं. मग मला वाईट वाटू नये अशा बेताने ती म्हणाली, "मावशी, ही तर जेली आहे."

नऊ वर्षांच्या मुलीला एका घासात जे कळलं ते समजून घ्यायला मला पुढे तीन महिने लागले. तिच्या वाढदिवसाला घरी केलेल्या, निरनिराळ्या चवींच्या गमी द्यायच्या असं मी कबूल करून बसले होते. त्यामुळे माघार घेण्याची सोय नव्हती.

जेली आणि गमी यांत फरक आहे तो पाण्याचा. फळाच्या रसात शंभरातले पंच्याऐंशी-नव्वद भाग पाणी असतं आणि माझ्या अस्वलांत ते जवळजवळ तसंच अडकून राहिलं होतं. विकतच्या चिवट गमीत पाणी असतं शंभरात अठरा ते वीस भाग. बाकी साखर, ग्लुकोज आणि सात-आठ भाग जिलेटिन. म्हणजे मी जे केलं होतं ते गमीच्या आकाराचं सरबत होतं. जिलेटिन दुप्पट घातलं तर? तेही करून पाहिलं. अस्वलं रबरासारखी झाली, पण चव तीच पाणचट, आणि चावल्यावर तुकडे पडत होते. गमीचा चिवटपणा एकट्या जिलेटिनचा नसतो, त्यातल्या दाट पाकाचाही असतो, हे तेव्हा लक्षात आलं.

मग रस बाजूला ठेवून मी आधी नुसतं मूळ मिश्रण जमवायचं ठरवलं. माझा हिशोब असा होता, की एकदा ते बसलं की पुढे चवीची बाटली तेवढी बदलायची. लिंबू हवं तर लिंबू, स्ट्रॉबेरी हवी तर स्ट्रॉबेरी. हा हिशोब किती चुकीचा होता ते पुढे येईलच.

जिलेटिनपासून सुरुवात केली. ते जनावरांच्या हाडांतल्या आणि कातड्यातल्या कोलॅजेनपासून काढतात. कोलॅजेन म्हणजे तीन धाग्यांचा पीळ. तो पीळ उष्णतेने उलगडतो आणि गार होताना धागे पुन्हा जमेल तिथे, जमेल तसे एकमेकांत गुंततात. त्या गुंत्यात पाणी अडकतं आणि द्रवाचा घट्ट गोळा होतो. तोंडाच्या उबेने गुंता परत सुटतो, म्हणून जिलेटिनची गोळी जिभेवर विरघळते. पण हे सगळं जमायला पूड आधी थंड पाण्यात भिजवावी लागते. मी एकदा घाईत ती सरळ गरम पाकात टाकली. वरून प्रत्येक कण फुगून चिकट झाला, आत कोरडाच राहिला आणि भांड्यात तांदळाएवढ्या गुठळ्या तरंगू लागल्या. गाळणीने गाळल्या, चमच्याने चेपल्या, शेवटी फेकून दिल्या. आता मी वाटीत आधी थंड पाणी घेते, वजनात जिलेटिनच्या दुप्पट, आणि त्यावर पूड भुरभुरते. दहा-पंधरा मिनिटांत तिचा ओल्या स्पंजासारखा गोळा होतो. पुडीवर पाणी ओतलं तर मात्र तळाशी कोरडा थर राहतो. क्रम उलटा करून चालत नाही.

पाककृतीत दिलेलं वजन तंतोतंत घेऊनही गोळ्या कधी मऊ तर कधी कडक का होत होत्या, याचं उत्तर पुडीच्या मागे बारीक अक्षरात मिळालं. तिथे 'ब्लूम २००' असं लिहिलं होतं. आधीच्या पुडीवर काहीच नव्हतं. ऑस्कर ब्लूम या माणसाने जेलीची ताकद मोजायचं यंत्र बनवून १९२५ साली त्याचं अमेरिकेत पेटंट घेतलं. ६.६७ टक्के जिलेटिनचं द्रावण १० अंश सेल्सिअसला सोळा-अठरा तास ठेवून जमवायचं आणि साडेबारा मिलिमीटरहून किंचित जाड दांडा त्यात ४ मिलिमीटर खोल रुतवायला किती ग्रॅम भार लागतो ते मोजायचं. तो आकडा म्हणजे ब्लूम. जितका मोठा तितकं जिलेटिन ताकदवान. गमीला २०० ते २५० च्या दरम्यानचं बरं. कमी ब्लूमचं असेल तर जास्त घालावं लागतं आणि मग जिलेटिनचा स्वतःचा वासही जास्त येतो. तेव्हापासून मी एकाच आकड्याचं जिलेटिन वापरते. तीन महिन्यांतला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय कोणता विचाराल तर हाच.

पाकाने त्याहून जास्त छळलं. नुसत्या साखरेचा पाक करून त्यात जिलेटिन घातलं तेव्हा पहिल्या दिवशी गोळ्या सुरेख होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांच्यावर पांढुरका थर आला आणि चावताना दातांखाली कचकच लागू लागली. पाक साखरला होता. साखरेच्या कणांना संधी मिळाली की ते पुन्हा एका रांगेत येऊन खडे बनवतात. ते टाळायचं तर रांगेत घुसखोर सोडावे लागतात, आणि ते काम लिक्विड ग्लुकोज करतं. त्यातल्या लहानमोठ्या साखळ्या मध्ये येतात आणि साखरेला जमू देत नाहीत. शिवाय ओलावाही धरून ठेवतात. साखर आणि लिक्विड ग्लुकोज वजनाने निम्मं-निम्मं घेतल्यावर पाक साखरण्याचा प्रकार बंद झाला. लिक्विड ग्लुकोज वाटीत मोजायच्या भानगडीत पडू नये. निम्मं वाटीलाच चिकटून राहतं. वजनकाट्यावर पातेलं ठेवायचं आणि ओल्या हाताने गोळा तोडून थेट त्यातच टाकायचा.

शेवटी जे प्रमाण बसलं ते असं: साखर १५० ग्रॅम, लिक्विड ग्लुकोज १५० ग्रॅम आणि विरघळवायला ५० ग्रॅम पाणी. जिलेटिन २८ ग्रॅम, ते भिजवायला ५६ ग्रॅम पाणी. ५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड तेवढ्याच पाण्यात विरघळवलेलं. पाक ११८ अंशांपर्यंत चढवायचा. थर्मामीटर नव्हता तोवर मी गार पाण्यात थेंब टाकून गोळीबंद पाक बघत होते आणि तेवढ्यावर दोनदा चुकलेही. पाकाचं तापमान म्हणजे त्यात उरलेल्या पाण्याचं मोजमाप. तीन-चार अंश इकडचे तिकडे झाले की गोळीचा स्वभाव बदलतो.

पाक चढला की आचेवरून उतरवून थोडा निवू द्यायचा. जिलेटिनला उकळणं सोसत नाही, त्याचे धागे तुटतात. साधारण ८० अंशांना भिजलेला गोळा पाकात सोडायचा, तो आपोआप विरघळतो. ॲसिड सगळ्यात शेवटी, कारण उष्णता आणि आंबटपणा एकत्र आले की जिलेटिन आणखी वेगाने कमकुवत होतं. हे वाचून माहीत होतं, तरी एकदा फोन आला म्हणून ॲसिड घातलेलं मिश्रण मंद आचेवर पाऊण तास राहिलं. त्या दिवशीच्या गोळ्या साच्यातून निघाल्या, पण हातात धरल्या की लोळायच्या.

याच टप्प्यावर बोटही भाजून घेतलं. ११८ अंशांचा पाक उकळत्या पाण्याहून गरम तर असतोच, शिवाय तो ओघळून जात नाही, चिकटून बसतो. लहान मुलांना हौसेने ढवळायला देण्याचं हे काम नव्हे. भाचीला मी साचे भरून झाल्यावरच स्वयंपाकघरात घेत असे.

आता चवींकडे. माझा आधीचा हिशोब इथे कोसळला.

लिंबू सगळ्यात सोपं असेल म्हणून ते आधी घेतलं. जिलेटिन भिजवायला पाण्याऐवजी लिंबाचा रस वापरला आणि ॲसिड वगळलं. गोळी जेमतेम आंबट लागली आणि लिंबाचा तर पत्ताच नाही. आकडेमोड केली तेव्हा उलगडा झाला. शंभर मिलिलिटर लिंबाच्या रसात सायट्रिक ॲसिड साधारण पाच-सहा ग्रॅम असतं. म्हणजे माझ्या ५ ग्रॅमची जागा भरायला नव्वद-शंभर मिलिलिटर रस हवा, आणि ज्या पाण्याशी माझं भांडण चाललं होतं तेच मग मागच्या दाराने आत येणार. रस हा लिंबाचा आंबटपणा आहे, वास नव्हे. वास सालीच्या तेलात असतो. दुसऱ्या खेपेला दोन लिंबांची फक्त पिवळी साल किसली, मोजलेल्या साखरेत बोटांनी चुरली आणि ती साखर तासभर झाकून ठेवली. आंबटपणासाठी पुडीतलं ॲसिड. पहिल्यांदाच घरभर लिंबाचा वास सुटला. तरी पाक उकळताना त्यातला बराचसा वाफेबरोबर गेला, म्हणून आता किसाचा निम्मा भाग मी शेवटी, जिलेटिनबरोबर घालते. सालीखालचा पांढरा भाग चुकूनही घ्यायचा नाही. त्याचा कडवटपणा गोळीत दुसऱ्या दिवशी वर येतो.

संत्र्याचंही तसंच, फक्त इथे रसाला थोडी किंमत आहे. रस आटवून पाव हिस्सा केला की गोडी आणि रंग मिळतो, पण ताज्या संत्र्याचा वास जाऊन मुरांब्याकडे झुकणारा वास येतो. तो झाकायला पुन्हा साल.

स्ट्रॉबेरीने मला आंबटपणाचं महत्त्व शिकवलं. फळांचा गर गाळून, आटवून घातला, पण ॲसिड अर्धंच टाकलं. मुलांना फार आंबट नको अशी माझी समजूत. गोळी गोड लागली, लाल दिसली, पण डोळे मिटून खाल्ली तर कशाची ते कोणाला सांगता येईना. घरातल्या दोघांनी सफरचंद सांगितलं, एकाने "काहीतरी गुलाबी" असं उत्तर दिलं. तेच मिश्रण हलक्या आचेवर वितळवून मी राहिलेलं ॲसिड घातलं, तर स्ट्रॉबेरी एकदम समोर येऊन उभी राहिली. स्ट्रॉबेरीचा एक कणही वाढवला नव्हता! इतक्या साखरेत फळाची ओळख पटवायचं काम आंबटपणाच करतो. तेव्हापासून एखादी चव फिकी वाटली तर मी इसेन्सकडे हात नेण्याआधी ॲसिड तपासते.

जिलेटिनच्या गोळ्या पुन्हा वितळवता येतात हा फार मोठा दिलासा आहे. फसलेली खेप गरम पाण्याच्या भांड्यावर ठेवायची, दुरुस्त करायची आणि परत ओतायची. दोन-तीनदा चालतं, मग मात्र गोळी ढिली पडू लागते.

काळ्या द्राक्षांच्या वेळी रंगाची गंमत झाली. मला जांभळ्या गोळ्या हव्या होत्या. आटवलेला रस पाकात गेला तेव्हा मिश्रण गडद जांभळं होतं. ॲसिडचं पाणी ओतलं आणि ढवळता ढवळता ते लालसर गुलाबी झालं. द्राक्षांच्या सालीतली ती रंगद्रव्यं, अँथोसायनिन, आंबट मिश्रणात लाल आणि आंबटपणा कमी झाला की जांभळ्या-निळ्याकडे वळतात. आंबट गोळी जांभळी ठेवायची तर खाण्याचा रंग घालावा लागला असता. मी तो घातला नाही आणि गोळ्यांना 'लाल द्राक्षं' म्हणून टाकलं. लिंबाला चिमूटभर हळद पुरते, चव लागत नाही. बिटाचा रंग ओतताना फार देखणा दिसतो, पण तापवलात तर मातकट होतो.

आणि मग अननस. भाचीची मागणी पहिल्या दिवसापासून अननसाची होती. ताजा अननस आणला, मिक्सरमधून काढला, गाळला आणि त्या रसात जिलेटिन भिजवलं. भिजवतानाच खरं तर शंका यायला हवी होती, कारण स्पंजासारखा गोळा न होता ते सैलसर राहिलं. पाकात मिसळलं, साच्यात भरलं. चार तासांनी पाहिलं तर पातळ. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं. सकाळी साचा तिरका केला तर सगळं ओघळलं. जिलेटिन कमी पडलं असेल म्हणून पुढच्या खेपेला ते दीडपट केलं. तेही पातळच. त्या सकाळी ओट्यावर जो चिकट, पिवळा, सुगंधी चिखल सांडला होता तो पुसताना मी अननसाला उद्देशून जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कारण साधं आहे. अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. ते प्रथिनं कापतं, आणि जिलेटिन हे प्रथिनच. मी दीडपट घालून त्याला दीडपट खाऊ घातलं होतं. पपईत पपेन, किवीत ॲक्टिनिडिन, अंजिरात फिसिन, सगळ्यांचं काम तेच. उपाय म्हणजे जिलेटिनची गाठ पडण्याआधी रस चांगला उकळून घ्यायचा, म्हणजे विकर निकामी होतं. डब्यातल्या अननसाने हा त्रास होत नाही, कारण तो डबाबंद होताना तापवलेला असतो. मी हट्टाने ताज्या अननसाचा रस पाच मिनिटं उकळला, गार केला आणि मग जिलेटिन भिजवलं. गोळ्या झकास जमल्या. चाखून पाहिल्या तर थेट डब्यातल्या अननसाची चव! एवढी मेहनत करून मी घरच्या घरी डबाबंद अननसच तयार केला होता. त्यानंतर सरळ डबा फोडते.

विकरांचा धडा शिकून झाला असं वाटत असतानाच आल्याने गाठलं. आलं-लिंबू ही माझी स्वतःची आवड. ताज्या आल्याचा रस मिश्रणात शेवटी घातला, म्हणजे झणका टिकेल. गोळ्या जमल्या, पण फारच लुळ्या. आल्यातही प्रथिनं कापणारं विकर असतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आता आल्याचे काप आधी पाण्यात उकळते आणि ते पाणी गार करून जिलेटिन भिजवायला घेते. झणका थोडा कमी होतो, पण गोळी उभी राहते.

पेपरमिंटबद्दल एवढंच सांगते, की तेलाचे दोन थेंब चारशे ग्रॅम मिश्रणाला पुरतात. मी पाच घातले. खाणाऱ्याला दात घासल्यासारखं वाटत होतं.

कॉफीच्या गोळ्या मोठ्यांसाठी केल्या. जिलेटिन कडक कॉफीत भिजवलं आणि ॲसिड मुद्दाम अजिबात घातलं नाही. इथे एक अनपेक्षित अडचण आली. आंबट फळांत जिलेटिनचा तो मंद, ओलसर वास दबून जातो, कॉफीत तो मागून डोकावत होता. व्हॅनिलात तर जास्तच. कॉफी आणखी दाट केली आणि मीठ चिमटीभर घातलं तेव्हा निभावलं. तरी मत विचाराल तर जिलेटिन आणि बिनआंबट चव यांची जोडी मला पटलेली नाही. कॉफी प्यावी.

वाढदिवसाला येणाऱ्यांत दोन मुली शाकाहारी होत्या, म्हणून जिलेटिनशिवायचा प्रकारही करून पाहावा लागला. आगर-आगर, म्हणजे चायना ग्रास, समुद्री शेवाळापासून मिळतं. ते पाण्यात चांगलं उकळावं लागतं आणि ४० अंशांच्या खाली उतरलं की बाहेरच घट्ट होतं, फ्रिजही लागत नाही. पुन्हा वितळायला मात्र पंच्याऐंशीच्या आसपास तापमान हवं, म्हणून ते तोंडात विरघळत नाही. गोळी कटकन तुटते. चघळण्याचं नावच नाही. काहींना तसंच आवडतं, पण ती गमी नव्हे.

पेक्टिनने जास्त चांगलं उत्तर दिलं. ते सफरचंदाच्या चोथ्यातून आणि लिंबू-संत्र्यांच्या सालींतून काढतात. पूड कोरड्या साखरेत घोळूनच घालायची, नाहीतर गुठळ्यांचा जिलेटिनपेक्षा वाईट प्रकार होतो. नेहमीच्या पेक्टिनला जमायला दोन गोष्टी एकत्र लागतात: भरपूर साखर आणि भरपूर आंबटपणा. त्यातलं एक जरी कमी पडलं तरी ते ढिम्म हलत नाही. गर, साखर, ग्लुकोज आणि पेक्टिन १०७ अंशांपर्यंत शिजवलं आणि शेवटी ॲसिड घातलं. मग मी निवांतपणे ड्रॉपर शोधायला गेले. परत आले तर पातेल्यातच एक मोठी, पातेल्याच्या आकाराची गमी तयार होती. पेक्टिन गरम असतानाच जमायला लागतं. ॲसिड पडलं की हातातलं सगळं सोडून ओतायचं, तेही साच्यात न ओतता ताटात ओतून नंतर सुरीने चौकोन पाडायचे. ही गोळी चिवट नसते. दातांखाली मऊ तुटते, पण चव चटकन सोडते. स्ट्रॉबेरी जिलेटिनपेक्षा पेक्टिनमध्येच जास्त खुलते असं माझं मत झालं आहे. आणि अननसाचं विकर पेक्टिनचं काही बिघडवू शकत नाही, कारण पेक्टिन हे प्रथिन नाही. हे कळल्यावर मला उगाचच सूड घेतल्यासारखं वाटलं.

साच्याबद्दल थोडं. मिश्रण ढवळताना त्यात बारीक हवा शिरते आणि गोळ्या धुरकट दिसतात. जिलेटिन विरघळल्यावर पातेलं गरम पाण्यात वीस मिनिटं न ढवळता ठेवलं की फेस वर येतो, तो चमच्याने काढून टाकायचा. बहुतेक कारखान्यांत सिलिकॉनचे साचे वापरत नाहीत. ताटलीत कॉर्नफ्लोअरचा सपाट थर देऊन त्यात ठशाने खळगे पाडतात आणि त्यांत मिश्रण सोडतात. कोरडा स्टार्च चिकटू देत नाही आणि शिवाय ओलावाही ओढून घेतो. हान्स रिगेल यांनी १९२० साली जर्मनीतल्या बॉनमध्ये हारिबो ही गोळ्यांची कंपनी सुरू केली. हान्स, रिगेल आणि बॉन या तिन्हींची पहिली दोन-दोन रोमन अक्षरं घेऊन ते नाव झालं. १९२२ मध्ये त्यांनी जे नाचणारं अस्वल काढलं तेच आजच्या सगळ्या गमी अस्वलांचं मूळ. मी घरी स्टार्चचा प्रयोग एकदा केला. कॉर्नफ्लोअर ओव्हनमध्ये सुकवला, ट्रेमध्ये पसरला, लाकडी बटणाने खळगे पाडले. गोळ्या सिलिकॉनमधल्यांपेक्षा खरंच लवकर सुकल्या आणि वरून छान चिवट झाल्या. पण पीठ घरभर उडालं आणि ते ब्रशने झटकताना माझी संध्याकाळ गेली. ज्यांना हौस आहे त्यांनी जरूर करावं.

सुकवणं हा भाग मी सुरुवातीला गाळतच होते. साच्यातून निघाली की झाली, असा समज. खरी गमी होते ती त्यानंतरच्या दोन दिवसांत. साच्यात ओतताना माझ्या मिश्रणात पाणी शंभरात पंचवीस-सव्वीस भाग असतं, ते विसावर यायला हवं. म्हणून गोळ्या जाळीवर, एकमेकींना न चिकटता, मोकळ्या हवेत ठेवायच्या आणि मधून उलटायच्या. मी जाळीसकट वजन करते. चारशे ग्रॅमच्या गोळ्या ३७० च्या आसपास आल्या की थांबायचं. हवा कोरडी असली की दीड दिवस, दमट असली की तीन दिवसही. मग तळव्यावर दोन थेंब बिनवासाचं तेल घेऊन गोळ्या हलकेच चोळल्या की चकाकी येते आणि त्या डब्यात चिकटत नाहीत.

वरून आंबट साखर लावण्याचा मोह मात्र आवरावा लागतो. शंभर ग्रॅम साखरेत दहा ग्रॅम सायट्रिक ॲसिड मिसळून मी ओल्यासर गोळ्या त्यात घोळवल्या आणि डबा बंद केला. सकाळी डब्याच्या तळाशी पाक होता आणि त्यात गोळ्या पोहत होत्या. ॲसिड आणि साखर दोघंही ओलावा ओढतात, आणि गोळीत तो होताच. आता पूर्ण सुकलेल्या गोळ्यांनाच, खायच्या अर्धा तास आधी घोळवते.

टिकण्याचं म्हणाल तर नीट सुकलेल्या गोळ्या घट्ट झाकणाच्या डब्यात दोन आठवडे बिनघोर राहिल्या. रसाच्या त्या पहिल्या अस्वलांना मात्र फ्रिजमध्ये असूनही आठव्या दिवशी बुरशी आली होती. अगदी लहान मुलांना या गोळ्या देत नाही, घशात अडकण्याची भीती असते. आणि भांडी थंड पाण्याने घासायला जाऊ नका. पातेल्यात गरम पाणी भरून तासभर विसरून जा.

वाढदिवसाला सहा चवी ठेवल्या: लिंबू, संत्रं, स्ट्रॉबेरी पेक्टिनमधली, लाल द्राक्षं, अननस आणि पेपरमिंट, या वेळी दोन थेंबांची. भाचीने अननसाची एक उचलली, दोन बोटांत धरून दाबली, सोडली, ती परत आपल्या आकारात आली. मग तिने ती खाल्ली आणि मैत्रिणींकडे निघून गेली. पेपरमिंट जवळजवळ सगळी उरली.

आलं-लिंबू मी त्या दिवशी मांडलीच नव्हती, लुळी होती. आल्याचे काप उकळून ती काल पुन्हा ओतली आहे. सकाळी जाळी वगळता ३९१ ग्रॅम भरली. हवा दमट आहे, वीसेक ग्रॅम उडायला परवाची संध्याकाळ होईल.